कोरियन गुगाक आणि युरोपचे जुने संगीत एका मंचावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी व्हायोला दा गांबा (पुढे नुसते गांबा) हे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचे जुने युरोपीय तंतुवाद्य वाजवतो. कोरियन वादकांबरोबर काही कार्यक्रम केल्यानंतर श्रोत्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते येथे शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत एकत्र केले आहेत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कोरियन शब्दांचे मराठी लेखन ठरून गेलेले नाही. 'गायागुम', 'हेगुम' अशा शब्दांतला शेवटचा 'उ' ओठ गोल न करता म्हणावा, म्हणजे उच्चार मुळाच्या बराच जवळ जातो.

१. हा नेमका काय प्रकार आहे? याला फ्यूजनच म्हणायचे ना?

कोरियाच्या पारंपरिक संगीताला तिथे 'गुगाक', म्हणजे देशाचे संगीत, म्हणतात. त्यातली वाद्ये व गायन आणि युरोपातली साधारण १७५० पूर्वीची वाद्ये व वादनपद्धती एकत्र बसवून केलेल्या नव्या रचना, असे या प्रकाराचे वर्णन करता येईल. फ्यूजन म्हणायला माझी हरकत नाही. मात्र तो शब्द ऐकला की आपल्याकडे ड्रम, की-बोर्ड आणि मोठा ध्वनिक्षेपक डोळ्यांसमोर येतो. येथे बहुधा ध्वनिक्षेपक नसतोच, कारण गांबा, ल्यूट (बोटांनी छेडायचे जुने युरोपीय तंतुवाद्य), गायागुम आणि गोमुनगो (प्रश्न ३ पाहावा) ही सगळी लहान खोलीसाठी जन्मलेली मंद आवाजाची वाद्ये आहेत.

ही जोडी जमते ती दोन्ही संगीते जुनी आहेत म्हणून, असे अनेकांना वाटते. मला ते कारण पटत नाही. दोन्हीकडे स्वर लागल्यानंतर त्याचे पुढे काय करायचे, तो कुठे दाबायचा, कुठे हलवायचा, केव्हा सोडून द्यायचा, हे कागदावर फारसे लिहिलेले नसते. ते हातात आणि गुरूच्या बोलण्यात असते. दोन्ही बाजूंचे वादक अर्धवट लिहिलेले संगीत वाजवायला सरावलेले असतात, आणि पहिल्या तालमीत हीच सवय उपयोगी पडते.

२. 'जुने संगीत' म्हणजे किती जुने? बाख त्यात येतो का?

येतो. मध्ययुगापासून जर्मन संगीतकार बाखच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७५० पर्यंत, अशी ढोबळ मर्यादा धरतात. पण काळापेक्षा वाजवण्याची पद्धत महत्त्वाची असते: तातेच्या, म्हणजे आतड्याच्या, तारा, त्या काळच्या धाटणीचे गज, खालचा सूर आणि त्या काळच्या ग्रंथांतून शोधलेली अलंकरणाची रीत.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. युरोपात ही परंपरा अखंड चालत आलेली नाही. हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचे, तारा छेडणारे पट्ट्यांचे वाद्य) आणि गांबा एकोणिसाव्या शतकात जवळजवळ विसरली गेली होती. आर्नोल्ड डोल्मेच (१८५८–१९४०) यांच्यासारख्यांनी जुन्या वाद्यांच्या प्रतिकृती करून ती पुन्हा वाजती केली आणि १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला स्कोला कांतोरुम ही खास शिक्षणसंस्था निघाली. म्हणून 'प्राचीन युरोपीय परंपरा' वाजवणारा माझ्यासारखा माणूस प्रत्यक्षात विसाव्या शतकात घडलेली गोष्ट वाजवत असतो. कोरियन बाजूची स्थिती वेगळी आहे, पण तीही वाटते तितकी सरळ नाही. त्याविषयी प्रश्न १४ पाहावा.

३. कोरियाची कोणती वाद्ये यात येतात? नावे ऐकून काहीच बोध होत नाही.

गायागुम ही आडवी ठेवून बोटांनी छेडायची बारा रेशमी तारांची तंतुवीणा आहे; प्रत्येक तारेखाली तिला उचलून धरणारी सरकती घोडी असते, अशी ही वीणा आहे. उजवा हात छेडतो आणि डावा हात घोडीच्या पलीकडे तार दाबून स्वर ओढतो. गोमुनगो सहा तारांचे व सोळा पडद्यांचे असून बांबूच्या काडीने वाजवतात. तार आणि फळी या दोन्हींवर काडी आदळत असल्यामुळे त्याच्या प्रत्येक स्वरात थोडा ठोका मिसळलेला असतो. पिरी ही दुहेरी पत्तीची आखूड बांबूनळी आहे, आकाराने लहान आणि आवाजाने मात्र दणकट. देगुम या मोठ्या आडव्या बासरीला बोरूच्या आतला पातळ पापुद्रा लावलेले एक जादा छिद्र असते आणि फुंकर वाढली की तो पापुद्रा झणझणतो. तंबोऱ्याची जवारी ज्याच्या कानात आहे त्याला हा आवाज लगेच आवडतो, युरोपीय ध्वनिमुद्रकाला मात्र तो पहिल्यांदा बिघाड वाटतो. आजेंग ही गजाने घासायची आडवी वीणा आहे. दरबारी संगीतात तिचा गज म्हणजे केस न लावलेली, साल काढून राळ फासलेली फोर्सिथियाच्या झुडपाची काठी असते. जांगगु हा डमरूच्या आकाराचा मोठा ढोल. सेंगह्वांग हे सतरा नळ्यांचे तोंडाने वाजवायचे वाद्य आहे आणि गुगाकमध्ये एका वेळी दोन स्वर काढणारे ते जवळजवळ एकटेच.

हेगुमविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ते माझ्या वाद्याच्या सर्वांत जवळचे आहे. त्याला दोन रेशमी तारा असतात, गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून जातात आणि बोटे टेकवायला खाली पट्टी नसते; डाव्या हाताच्या मुठीत तारा धरून त्या कमी-जास्त आवळायच्या आणि स्वर काढायचा. गजाचे केस सैल असतात व वादक उजव्या हाताच्या बोटांनी ते ताणून धरतो. गांबाचा गजही आम्ही तळहात वर करून धरतो आणि मधल्या बोटाने केसांवर दाब देऊन ताण बदलतो. एका तालमीत हेगुमवादक बाईंनी माझा हात पाहिला, स्वतःचा गज माझ्या हातात दिला आणि मी स्वर काढला. तो वाईट निघाला, पण गज चुकला नव्हता.

४. कोरियन आणि युरोपीय संगीताची इतिहासात कधी खरोखर गाठ पडली होती का, की हे सगळे आजचे?

पडली होती, आणि तिचा पुरावा कोरियन वाद्यवृंदात आजही वाजतो. यांगगुम या वाद्याच्या नावाचा अर्थच 'पाश्चिमात्य वीणा' असा आहे. तारांवर काडीने आघात करून वाजवायचे हे युरोपीय वाद्य चीनमार्गे अठराव्या शतकात कोरियात आले. चौदा जागी चार-चार धातूच्या तारा असतात आणि वादक एकाच बारीक बांबूकाडीने वाजवतो. संतूर डोळ्यांसमोर आणा आणि त्यातली एक काडी काढून घ्या. 'योंगसान ह्वेसांग' या अभिजनांच्या घरगुती वाद्यसंगीतात ते इतके मुरले आहे की ते परके आहे हे सांगावे लागते.

या कथेतला मुख्य माणूस होंग देयोंग (१७३१–१७८३) हा विद्वान. तो स्वतः गोमुनगो वाजवत असे. कोरियन राजदूतमंडळाबरोबर तो बीजिंगला गेला असता १७६६ मध्ये त्याने तिथल्या दक्षिण चर्चमध्ये जेझुइट पाद्र्यांची भेट घेतली, पाइप ऑर्गन पाहिला, त्यात हवा कशी खेळते हे समजून घेतले आणि पट्ट्या दाबून आपल्याकडची चाल काढून पाहिली. धातूच्या तारांची ती परकी वीणा त्याने १७७२ मध्ये कोरियन सुरांत वाजवून दाखवल्याची नोंद त्याचा मित्र पाक जिवन याने केली आहे. त्याआधी १६०१ मध्ये मातेओ रिच्ची या जेझुइटाने चीनच्या सम्राटाला क्लॅव्हिकॉर्ड हे पट्ट्यांचे छोटे युरोपीय वाद्य भेट दिले होते, पण तो प्रसंग चीनचा आहे. त्याला कोरियाच्या खात्यावर घालू नये.

५. 'अंतोनिओ कोरेआ' नावाचा कोरियन माणूस गोव्यातून इटलीला गेला होता असे ऐकले. हे खरे आहे का, आणि तो संगीतकार होता का?

पहिला भाग खरा आहे. फ्रांचेस्को कार्लेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५९७ मध्ये नागासाकीला पोहोचला. जपानने कोरियावर केलेल्या स्वारीत (१५९२–१५९८) पकडून आणलेली माणसे तिथे अतिशय स्वस्तात विकली जात होती. त्याने पाच कोरियन गुलाम विकत घेतले, त्यांना बाप्तिस्मा दिला, गोव्यापर्यंत आणले आणि तिथे मुक्त केले. त्यांच्यापैकी एकाला त्याने पुढे फ्लॉरेन्सला नेले. तो आता रोममध्ये अंतोनिओ या नावाने राहत असावा, असे कार्लेत्तीने लिहून ठेवले आहे. बाकीचे चौघे गोव्यात उतरल्यानंतर इतिहासातून नाहीसे होतात, आणि मला या कथेत तेच अधिक बोचते.

तो संगीतकार असल्याचा कोणताही आधार नाही. रुबेन्स या चित्रकाराने १६१७ च्या सुमारास काढलेले कोरियन पोशाखातील पुरुषाचे रेखाचित्र त्याचेच, असे पूर्वी ठासून सांगितले जाई. आज ते मत वादग्रस्त आहे. अंतोनिओच्या प्रवासावर बेतलेल्या मैफली मात्र रचता येतात, कारण मार्गावरची संगीते खरी आहेत: एका टोकाला कोरियन सूर, दुसऱ्या टोकाला त्या काळच्या इटलीतले संगीत, आणि मध्ये गोवा, जिथे चर्चमधून व जेझुइटांच्या शाळांतून युरोपीय बहुस्वरी गायन शिकवले जात होते. अशी मैफल कल्पना म्हणून सादर करावी. गोव्यातल्या वाचकांकडून नेहमी येणारा उपप्रश्न असा की कुर्रैया आडनावाचा याच्याशी संबंध आहे का. ते जुने पोर्तुगीज आडनाव आहे. उच्चाराच्या साम्यावरून नाते जोडू नये.

६. दोन्हींचे सूर कसे जुळवतात? सा कोणाचा?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचे उत्तर मला स्वतःला फार आवडते.

गुगाकमध्ये मूळ स्वराला 'ह्वांगजोंग' म्हणतात. चीनकडून आलेल्या विधिसंगीतात तो साधारण पांढरी एकचा असतो, पण देशी संगीतात, म्हणजे या कामात लागणाऱ्या बहुतेक संगीतात, तो साधारण काळी दोनचा, सुमारे ३११ हर्ट्झचा असतो. आता युरोपची बाजू पाहू. आजचा वाद्यवृंद पांढरी सहा ४४० हर्ट्झला लावतो. बरोक, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातले संगीत वाजवणाऱ्या वादकांनी आपसांत ४१५ हर्ट्झ हा सूर ठरवून घेतला आहे, म्हणजे जवळजवळ नेमका अर्धा स्वर खाली. परिणाम असा की बरोक हार्पसिकॉर्डवर पांढरी तीनची पट्टी दाबली की कानाला काळी दोन ऐकू येते. कोरियन वादकाचा सा आपोआप आमच्या हाताखाली पांढरी तीनवर येऊन बसतो, आणि व्हायोलिन किंवा गांबाच्या तारांना ती जागा अतिशय सोयीची असते.

पांढरी तीनचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. 'प्योंगजो' या कोरियन स्वरसमूहात सा रे म प ध असे पाच स्वर आहेत. (हा दुर्गा झाला, असे प्रत्येक मैफलीनंतर कोणीतरी म्हणतेच. स्वर दुर्गाचे आहेत, चाल दुर्गाची नाही.) सतराव्या शतकातले हार्पसिकॉर्ड बहुधा मीनटोन पद्धतीने लावतात. त्या पद्धतीत गंधार (येथे कोणत्याही स्वरापासूनचे सा-ग एवढे अंतर) कमालीचे गोड होतात, पण सप्तकाच्या वाटणीत उरलेली सगळी चूक एका जागी गोळा होते आणि तो एक पंचम लांडग्यासारखा ओरडतो. वादक त्याला लांडगाच म्हणतात. हा लांडगा काळी चार आणि काळी दोन यांच्यामध्ये बसलेला असतो. कोरियन रचना काळी दोनवर जशीच्या तशी ४४० च्या हार्पसिकॉर्डवर वाजवली, तर तिचा सा आणि म नेमके लांडग्याच्या तोंडात जातात. ४१५ च्या वाद्यावर पांढरी तीन धरली तर पाचही स्वर सुरक्षित जागी पडतात. हे कोणी योजलेले नाही. पण पहिल्या तालमीत हे जमून आले तेव्हा हार्पसिकॉर्डवादकाने दोन वेळा तेच पाच स्वर वाजवून खात्री करून घेतली होती.

तरीही एक अडचण उरते. कोरियन सिद्धांतात बारा स्वर शुद्ध पंचमांच्या साखळीने काढतात, त्यामुळे पंचम ७०२ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आणि गंधार चांगलाच चढा, ४०८ सेंटचा येतो. मीनटोनमध्ये पंचम सुमारे ६९७ आणि गंधार ३८६. म्हणून दोन उपाय करतात. एक तर हार्पसिकॉर्डचे पंचम अधिक शुद्ध करून घेतात आणि उभे गंधार टाळतात. किंवा हार्पसिकॉर्ड बाजूला ठेवून मध्ययुगीन संगीताकडे जातात, कारण मध्ययुगीन युरोपचे स्वरगणितही शुद्ध पंचमांचेच होते. मला विचाराल तर दुसरा उपाय अधिक फलदायी आहे, पण आयोजकांना पोस्टरवर हार्पसिकॉर्ड हवा असतो.

७. कोरियन संगीतात हार्मनी नाही म्हणतात. मग युरोपीय साथीदार नेमके काय वाजवतो?

बरोक संगीतात एक खर्जाची ओळ दिलेली असते आणि तिच्यावर स्वरसंघ रचत साथ करायची असते. तिला कंटिन्युओ म्हणतात. कोरियन सुरावटीखाली सरळ कंटिन्युओ घातला की ती सुरावट युरोपीय गाणे होऊन बसते, कारण प्रत्येक स्वराला 'मी कुठून आलो आणि कुठे चाललो' याचा हिशेब द्यावा लागतो. या क्षेत्रातले फसलेले बहुतेक प्रयोग येथे फसलेले असतात.

'योंगसान ह्वेसांग'मध्ये सगळी वाद्ये एकच सुरावट वाजवतात, पण प्रत्येक जण आपल्या वाद्याच्या स्वभावाप्रमाणे. गोमुनगो तिचा सांगाडा देते, पिरी ती भरून काढते, देगुम तिला वळणे देतो. गायकामागे पेटी किंवा सारंगी जशी किंचित मागून त्याच वाटेने चालते, त्याच्याशी मराठी श्रोत्याला ओळख आहेच. युरोपीय वादकाने या पंक्तीत बसून तीच सुरावट गांबाच्या किंवा ल्यूटच्या भाषेत वाजवावी. नाहीतर खाली केवळ षड्ज-पंचम धरून ठेवावा.

उलट दिशेने जाण्याचा मार्गही चांगला आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात स्पेन व इटलीत फोलिया, चाकोना अशा ठरावीक खर्जाच्या ओळी फिरवत ठेवून त्यांवर वादक विस्तार करत. दिएगो ओर्तीस याने १५५३ मध्ये रोममध्ये छापलेल्या ग्रंथात गांबावादकांना हेच शिकवले आहे. तबल्याला पेटीवर लेहरा धरावा तसे हे काम आहे. त्या आवर्तनावर हेगुम किंवा पिरी मोकळी सोडली तर कोणालाच आपली भाषा सोडावी लागत नाही.

८. तालाचे काय? कोरियन संगीत कधीकधी इतके संथ असते की ताल हरवल्यासारखे वाटते.

लोकसंगीतात ताल हरवत नाही. तिथे 'जांगदान' म्हणजे आवर्तने असतात: जुंगमोरी बारा मात्रांचे, जाजिनमोरी जलद, ऑन्मोरी तीन-दोन-तीन-दोन अशा दहाचे. बहुतेक आवर्तनांत मात्रेचे तीन भाग पडतात आणि बरोक नृत्यसंगीतातही तीनाचीच चलती आहे, त्यामुळे पायाला फारसे शिकवावे लागत नाही.

'सुजेछन'सारख्या दरबारी रचनेत प्रकरण वेगळे आहे. तिथे मात्रा समान लांबीच्या नसतात, कोणी हाताने इशारा करत नाही आणि लय श्वासावर चालते. पिरीने वाक्य संपवले की देगुम, हेगुम, आजेंग त्याची शेपटी पुढे नेतात, आणि तोवर पिरीवाले श्वास घेऊन तयार होतात. सुरुवात कळते ती 'बाक' या सहा लाकडी पट्ट्यांच्या टाळीच्या एका ठोक्याने, शेवट तीन ठोक्यांनी. लुई कूपरँ या सतराव्या शतकातल्या फ्रेंच संगीतकाराच्या मात्रारहित प्रेल्यूडमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या तुकड्यांमध्ये, स्वर लिहिलेले असतात पण त्यांची लांबी दिलेली नसते. ज्याने ते वाजवले आहेत त्याला सुजेछनजवळ पोहोचायला कमी त्रास होतो. माझ्या मते युरोपीय वादकाने येथे मोजणे सोडून पिरीवादकाच्या खांद्याकडे पाहावे.

९. एकमेकांची स्वरलिपी वाचता येते का?

बहुतेक कोरियन वादकांना पाच रेघांची स्वरलिपी येते, युरोपीयांना 'जंगगानबो' सहसा येत नाही. राजा सेजोंग (राज्यकाळ १४१८–१४५०) याच्या काळातली ही चौकोनांची लिपी आहे; एक चौकोन म्हणजे एक मात्रा, त्यामुळे स्वराची लांबी जागेवरून कळते. भातखंडे पद्धतीतले मात्रांचे रकाने वाचणाऱ्याला ती अर्ध्या तासात उलगडते. नव्या रचना मात्र पाच रेघांवरच लिहिल्या जातात आणि अलंकरणाच्या जागा तोंडी सांगितल्या जातात.

१०. कोरियन वादक स्वर इतका हलवतात. ते आपले गमक-आंदोलनच ना?

जवळचे नाते आहे, पण हिशेब वेगळा आहे. तार दाबून किंवा ओढून स्वर हलवण्याला 'नोंगह्यन' म्हणतात आणि एकंदर अलंकरणाला 'शिगिमसे'. स्वरसमूहातल्या कोणत्या स्वराने हलायचे, कोणत्याने स्थिर राहायचे आणि कोणत्याने वरून घसरत यायचे, हे ठरलेले असते. दक्षिण-पश्चिमेकडच्या लोकसंगीतात तर खालचा स्वर जाडजूड हलतो, मधला स्थिर राहतो आणि वरचा मोडून खाली पडतो. या तीन वागणुकींवरूनच ती शैली ओळखतात.

बरोक वादक उलट कंपनाला एक अलंकार मानतो आणि निवडक जागीच वापरतो. तालमीत पहिला खटका येथे उडतो: कोरियन वादकाला आमचा सरळ स्वर निर्जीव वाटतो, आम्हाला त्यांचा स्वर जागा शोधतो आहे असे वाटते. फ्रेंच गांबावादनात मात्र तारेवर बोट डोलवण्याच्या आणि स्वर हळूच वर सरकवण्याच्या खुणा छापील पानांवर सापडतात. मारँ मारे (१६५६–१७२८) याची पाने त्यासाठी काढावीत; अनोळखी माणसाशी बोलायला आपल्याच घरात शब्द सापडावेत तसे होते.

११. हे सुरू कोणी केले?

एका माणसाचे नाव घेता येत नाही. वाट तीन-चार जणांनी पाडली. दक्षिण कोरियातल्या तोंगयोंगमध्ये वाढलेले संगीतकार इसांग युन (१९१७–१९९५) १९५६ मध्ये युरोपला गेले. एकच लांब स्वर जिवंत ठेवायचा, त्याला सुरुवात, कंप, वळण आणि शेवट द्यायचा, हा कोरियन विचार त्यांनी 'मुख्य स्वर' या नावाने युरोपीय रचनेत आणला. त्यांनी १९६६ मध्ये हार्पसिकॉर्डसाठी 'शाओ यांग यिन' लिहिले, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे, कारण हार्पसिकॉर्डचा स्वर लगेच विरतो आणि त्याला जिवंत ठेवणे हाच मुळात प्रयोग आहे. १९६७ मध्ये दक्षिण कोरियाच्या गुप्तचरांनी त्यांना बर्लिनमधून पळवून नेले होते. आंतरराष्ट्रीय निषेधानंतर १९६९ मध्ये ते सुटले.

अमेरिकेचे संगीतकार लू हॅरिसन (१९१७–२००३) १९६१ मध्ये कोरियात जाऊन दरबारी संगीत शिकले. शुद्ध स्वरांतराचा त्यांना ध्यास होता आणि मध्ययुगीन युरोपचा एस्टांपी हा नृत्यप्रकार त्यांच्या रचनांत वारंवार येतो, त्यामुळे एकाच लेखणीत दोन्ही बाजू भेटतात. कोरियात गायागुमवादक आणि रचनाकार ह्वांग ब्युंगकी (१९३६–२०१८) यांनी १९७५ च्या 'मिगुंग'मध्ये गायागुम गजाने घासले आणि गायिकेला हसायला-रडायला लावले. त्यात युरोपचे जुने संगीत नाही, पण कोरियन वाद्याकडून काय काय मागता येते याची हद्द त्यांनी पुढे सरकवली.

१२. गायागुमवर पाखेलबेलचा कॅनन ऐकला. हाच का तो प्रकार?

नाही. पाखेलबेल या जर्मन बरोक संगीतकाराचा तो तुकडा सुकम्यंग गायागुम ऑर्केस्ट्राने लोकप्रिय केला आणि तो गोड आहे यात शंका नाही. पण त्यासाठी पंचवीस तारांचे आधुनिक गायागुम लागते. त्याच्या तारा कृत्रिम धाग्याच्या असतात आणि ते सात स्वरांत लावलेले असते. डावा हात स्वर ओढायचे मूळ काम सोडून दुसऱ्या ओळीचे स्वर छेडतो. म्हणजे वाद्य कोरियन, पण हात पियानोचे.

१३. पानसोरीच्या मैफलीत श्रोते मध्येच ओरडतात. बरोक मैफलीत तसे केले तर चालेल का?

पानसोरीत एक गायक आणि एक ढोलवादक तासन्‌तास एक कथा सांगतात. बोलणे आणि गाणे आलटून पालटून येते. ढोलवादकाने आणि श्रोत्यांनी जागेवर 'ऑलशिगु!' अशी दाद देणे हा त्या कलेचाच भाग आहे, त्याला 'छुइमसे' म्हणतात. 'क्या बात है' म्हणणाऱ्या श्रोत्याला हे समजवावे लागत नाही. सुरुवातीच्या इटालियन ऑपेरातली बोलगाणी आणि पानसोरीचे कथन यांची सांगड चांगली बसते. तिथे दाद अवश्य द्यावी. गांबाच्या संथ तुकड्यात मात्र देऊ नये. कोणीही रागावणार नाही, पण पुढचे चार स्वर कोणालाच ऐकू येणार नाहीत.

१४. असे मिसळणे म्हणजे कोरियन परंपरेचा अवमान नाही का? परवानगी लागते का?

याचे एकच उत्तर देता येत नाही. गुगाक अखंड चालत आले हे खरे, पण १९१० ते १९४५ या जपानी अंमलात दरबारी संगीताची संस्था कशीबशी तगली. राष्ट्रीय गुगाक केंद्र १९५१ मध्ये, कोरियन युद्ध चालू असताना, बुसानमध्ये उघडले, आणि १९६२ च्या कायद्याने संगीतप्रकारांना व त्यांच्या जाणकारांना संरक्षण मिळाले. म्हणजे आज जे 'शुद्ध' म्हणून ऐकतो त्याच्या घडणीतही विसाव्या शतकाचा हात आहे. कोरियन वादक हे आपल्यापेक्षा चांगले जाणतात आणि प्रयोगाला सहसा नाही म्हणत नाहीत.

अपवाद दोन. एक म्हणजे 'सानजो' हा एकलवादनाचा प्रकार: तो घराण्याघराण्यांतून आला आहे आणि प्रत्येक घराणे गुरूच्या नावाने ओळखले जाते, उदाहरणार्थ किम जुकपा (१९११–१९८९) यांचे. त्यातला तुकडा उचलला तर घराण्याचे नाव सांगावे, आणि शिकवणाऱ्याला आधी विचारावे. दुसरा अपवाद 'जोंगम्यो' विधिसंगीताचा. ते राजपूर्वजांच्या पूजेचे संगीत आहे, १९६४ मध्ये कोरियाच्या संरक्षित वारशाच्या यादीत पहिला क्रमांक त्याला मिळाला आणि सोलमध्ये दर मे महिन्यात ती पूजा आजही होते. त्याची सुरावट मैफलीत वाजवता येते, पण तिच्यावर चाकोना चढवू नये असे माझे मत आहे. आरतीवर कोणी वॉल्ट्झ केला तर आपल्याला जे वाटेल तेच.

१५. वाद्ये सारखी सारखी का लावतात? कार्यक्रमाचा निम्मा वेळ त्यातच जातो.

तात आणि रेशीम दोन्ही हवेतला ओलावा ओढतात, पण सारख्या गतीने नाही. एकदा हिवाळ्यात एका दगडी सभागृहात मध्यंतरात हीटर लावले गेले. पंधरा मिनिटांनी माझ्या सहाही तारा सरकल्या होत्या आणि गायागुमवादक शांतपणे एकेक घोडी केसभर हलवत बसली होती. देगुम मात्र बांबूचा, तो गरम होईपर्यंत कोणाचे ऐकत नाही. म्हणून आधी देगुम फुंकून गरम करायचा, मग त्याच्यावर बाकीच्यांनी लावायचे. हार्पसिकॉर्डचा निर्णय त्याच दिवशी बदलता येत नाही. तो आधीच, प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे, घेतलेला असावा लागतो.

१६. ऐकायला कुठून सुरुवात करू?

मिश्र प्रयोगांपासून करू नये. आधी 'सुजेछन' एकदा पूर्ण ऐकावे, कंटाळा आला तरी. मग कोणत्याही घराण्याचा गायागुम सानजो, जो संथ सुरुवातीनंतर वेग घेत जातो आणि आपल्या विलंबित-द्रुताच्या सवयीला लगेच पटतो. त्यानंतर मारेची गांबाची एखादी सुट, म्हणजे नृत्यतुकड्यांची मालिका, एका वेळी एकच तुकडा. हे झाले की इसांग युनचे हार्पसिकॉर्ड ऐकावे.

१७. आमच्याकडे पेटी, व्हायोलिन आणि बासरी आहे. घरी प्रयोग करता येईल का?

व्हायोलिन आणि बासरीवर नक्की करता येईल. काळी दोनचा सा धरावा, सा रे म प ध एवढेच स्वर घ्यावेत, एकाने सुरावट संथ चालवावी आणि दुसऱ्याने अर्ध्या श्वासाने मागून तीच सुरावट आपल्या पद्धतीने वाजवावी. ताल धरू नये. पेटीचे मात्र अवघड आहे: तिचे स्वर हलत नाहीत आणि तिच्या गंधाराचे मोजमाप प्रश्न ६ मधल्या दोन्ही बाजूंना मान्य होणार नाही. तरीही तिला हाकलू नये. पेटीतल्या मोकळ्या पत्तीची कल्पना युरोपला चीनच्या शेंग या वाद्यावरून सुचली असे सहसा मानले जाते, आणि कोरियाचा सेंगह्वांग हा त्याच शेंगचा भाऊ. पेटीवर फक्त सा आणि प धरावेत, भाता अगदी हळू चालवावा, आणि बासरी थांबली की तिनेही थांबावे.